सशावर आळ

गुलाबराव संपला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत थोडा वेळ शांतता पाळली गेली, आणि ती मीच पाळायला लावली होती. गुलाबराव म्हणजे ससा. तो आम्ही कोणी पाहिलेला नाही. कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या पिंजऱ्यात तो जगला आणि तिथेच गेला. पण त्याच्या रक्तातून काढलेली अँटीबॉडी करंगळीएवढ्या नळीत बसून, बर्फातून प्रवास करत दिल्लीला आमच्याकडे यायची, आणि माझी सगळी पीएचडी त्या नळीवर उभी होती.

ही अँटीबॉडी काय करते ते मी गाझियाबादच्या ऑटोवाल्यापासून मावशीच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं आहे, त्यामुळे तुमचीही सुटका नाही. पेशीतला डीएनए हा एक लांबच लांब दोरा. तो हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या रिळांना बारीक शेपट्या असतात आणि शेपट्यांवर कुठे कुठे मिथाइलची एक चिमुकली खूण चिकटते. मी जिच्यावर काम करते ती खूण चिकटली की तिथला दोरा बंद होतो, पेशी तो भाग वाचत नाही. दोरा तोच, पण खुणा कुठे पडल्यात त्यावर पेशीचं सगळं वागणं ठरतं. खूण डोळ्यांना दिसत नाही. गुलाबरावला दिसायची. पेशीतली प्रथिनं एका पांढऱ्या पातळ पडद्यावर उतरवायची, वरून गुलाबराव सोडायचा, की तो नेमका त्या खुणेवर जाऊन बसायचा आणि फोटोत तिथे काळी रेघ उमटायची. खूण जास्त तर रेघ जाड, खूण कमी तर बारीक.

हो, आणि त्याआधी पडद्याला दूध पाजावं लागतं. मी थट्टा करत नाही. मलई काढलेल्या दुधाची पावडर पाण्यात कालवायची आणि पडदा त्यात बुडवून हलवत ठेवायचा. त्याने पडद्यावरच्या रिकाम्या जागा भरून जातात आणि अँटीबॉडी भलतीकडे जाऊन चिकटत नाही. एवढ्या महागड्या विज्ञानात किराणा दुकानाची ही एक पावडर घुसलेली आहे, याचा मला पहिल्या दिवसापासून आनंद होत आला आहे.

नाव ठेवलं होतं सिद्धांतने. तो माझा सीनियर, लातूरकडचा. त्याच्या गावात गुलाबराव नावाचे पोस्टमन होते आणि त्यांनी आयुष्यात एकही पत्र चुकीच्या घरी टाकलं नाही, असं तो सांगायचा. नाव इतकं चपखल बसलं की आमच्या बंगाली आणि पंजाबी पोरीसुद्धा 'गुलाबराव फ्रिज में है क्या' असं विचारायला लागल्या.

आता अडचण अशी की ससा गेला की ती अँटीबॉडीही गेली. कंपनी दुसऱ्या सशाची पाठवते. नळीवरचं नाव तेच, आतला प्राणी वेगळा. गुलाबरावनंतर आला त्याचं नाव मी त्याच्या पहिल्या प्रतापानंतर ठेवलं: जयेश. शाळेत आमच्या वर्गात एक जयेश होता, तो कधीही स्वतःच्या बाकावर सापडायचा नाही. हाही तसाच निघाला. जिथे रेघ हवी तिथे काहीतरी धुरकट, आणि बाकी पडद्यावर जिकडे बघाल तिकडे काळे ठिपके. अमावास्येचं आकाश उलटं करून ठेवावं तसा फोटो.

आणि हे सगळं नेमकं कधी, तर माझा पेपर परत आला होता तेव्हा. आमचं एक औषध ती खूण पुसतं, हे मी दाखवलं होतं. जर्नलवाल्यांना सगळं मान्य होतं, फक्त त्या एका ब्लॉटची, म्हणजे रेघांच्या फोटोची, आणखी एक स्वच्छ पुनरावृत्ती हवी होती, मंगळवारच्या आत. नाही दिली तर पेपर पुन्हा नव्याने रांगेत, आणि पेपरशिवाय प्रबंध देता येत नाही, म्हणजे पीएचडी आणखी वर्षभर लांबणार. आई हल्ली 'श्रावस्तीची पीएचडी' म्हणायचं सोडून नुसतं 'ते' म्हणायला लागली होती. "ते झालं की मग बघू," असं ती नातेवाइकांना फोनवर सांगायची, आणि मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

घरी सगळ्यात जास्त रस बाबांना होता. बाबा म्हणजे संघपाल, केंद्र सरकारच्या सांख्यिकीच्या खात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या कामात लक्ष घालण्याची पूर्णवेळ नोकरी करतात. रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा.

"काय म्हणतो जयेश?"

"बाबा, त्याचं नाव काढू नका."

"नवीन आहे बेटा. बदली होऊन आलेल्या माणसाला आम्ही दोन-तीन महिने काही विचारत नव्हतो."

"माझ्याकडे मंगळवारपर्यंत वेळ आहे."

"अच्छा," बाबा गंभीर व्हायचे. "मग मेमो द्यावा लागेल."

बाबा असे बोलायला लागले की मला राग टिकवता येत नाही. पण लॅबमध्ये तो परत यायचा. मी जयेशला पातळ करून पाहिलं, दाट करून पाहिलं, थंडीत ठेवलं, खोलीत ठेवलं. ठिपके तेच. त्यात त्याच आठवड्यात आमच्या टेबलावर मुंग्या व्हायला लागल्या आणि मी शेजारच्या टेबलावरच्या पोरींशी भांडून घेतलं, की तुम्ही इथे बिस्किटं खाता. त्या शपथेवर सांगत होत्या की नाही खात. मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

मुंग्यांच्या आधी आणखी एक गोष्ट झाली होती, ती तेव्हा मला गोष्टही वाटली नव्हती. गुलाबरावपाठोपाठ आमची दुधाची पावडरही संपली. संस्थेच्या खरेदी विभागामार्फत दूध मागवायचं म्हटलं तर ते येईपर्यंत आमच्यापैकी निम्म्या लोकांची लग्नं होऊन जातील, म्हणून पावडर आम्ही विद्यार्थी घरूनच आणतो. मी बाबांना सांगितलं, मलई काढलेल्या दुधाची पावडर आणा. बाबांनी आणली. आता आमच्या घरात दुकानाच्या पाकिटात कुठलीही वस्तू एक दिवस टिकत नाही. डाळ असो, चहा असो, आई ती आल्या आल्या स्टीलच्या डब्यात ओतते आणि पाकीट कचऱ्यात जातं. पावडरही डब्यात गेली. आईने झाकणावर पट्टी चिकटवून 'लॅब' लिहिलं आणि तो चकचकीत डबा माझ्या टेबलावर रसायनांच्या बाटल्यांमध्ये जाऊन बसला. लोक लाडू असतील म्हणून उघडून बघायचे.

शुक्रवारी जयेशने पुन्हा तारे दाखवले. मयुरा मॅडम, माझ्या गाइड, नाशिकच्या, कधी आवाज चढवत नाहीत आणि म्हणूनच त्यांची भीती वाटते. त्यांनी फोटो बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ह्या सशाला आपण काय केलंय गं?"

"मॅडम, गुलाबराव हवा."

"तो नाही आता."

"आहे," मी म्हणाले, कारण त्याच क्षणी मला आठवलं. "सिद्धांतकडे."

सिद्धांतने लॅब सोडली आणि गुरुग्रामला एका कंपनीत लागला, तेव्हा निरोपाला आम्ही त्याला पेन देत होतो. तो म्हणाला होता, पेन नको यार, गुलाबरावचा एक थेंब द्या, आठवण म्हणून. आम्ही दिला होता. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"आहे ना," तो म्हणाला. "फ्रीझरमध्ये. मटारच्या मागे."

मी इतक्या जोरात हसले की कॉरिडॉरमधून दोघं जण डोकावून गेले.

शनिवारी सकाळी मी निघाले तर बाबा दारात तयार, इस्त्रीचा शर्ट, हातात थर्मास. आतून बर्फाचा खुळखुळ आवाज. मी म्हटलं, माझ्याकडे लॅबचा बर्फाचा डबा आहे. ते म्हणाले, "एवढा मोठा माणूस येणार, घ्यायला दोघांनी तरी जायला पाहिजे." वैशाली स्टेशनवर मेट्रोत बसलो, राजीव चौकाला बदललो आणि दिल्ली संपून उंच काचेच्या इमारती सुरू होईपर्यंत बाबा मला त्या खुणेबद्दल विचारत राहिले. सगळं विचारलं. खूण जन्मापासून असते का. मी म्हटलं, काही असतात, काही नंतर पडतात, लहानपणी काय खाल्लं, काय सोसलं, त्यानेही काही बदलतात असं लोक शोधतायत. ते म्हणाले, अच्छा, आणि मग दोन स्टेशनं काही बोलले नाहीत. बाबांच्या हिशेबात ही फार मोठी सुट्टी होती.

सिद्धांत सतराव्या मजल्यावर राहतो. त्याने दार उघडलं, "जय भीम काका" म्हणून बाबांना वाकून नमस्कार केला आणि आम्हाला थेट फ्रिजपाशी नेलं. मटार बाजूला, त्याच्या आईने लातूरहून पाठवलेली धपाटी बाजूला, आणि त्यांच्यामागे एका डबीत तो उभा होता. नळीच्या तळाशी थेंब. सिद्धांतने तो दोन्ही हातांनी दिला, बाबांनी दोन्ही हातांनी घेतला. नळी उजेडात धरून बाबा म्हणाले, "एवढाच?"

"काका, एवढा पुरतो. पण एकदाच."

आम्ही धपाटी खाल्ली, दही खाल्लं, जयेशची यथेच्छ निंदा केली. परतीला मेट्रोच्या तपासणीत थर्मास अडवला. जवानाने विचारलं, इसमें क्या है. मी तोंड उघडायच्या आत बाबा शांतपणे म्हणाले, "खरगोश." जवानाने झाकण काढून आत बघितलं, मग बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्याला सांगायला सुरुवात केली की डीएनए हा एक लांब दोरा असतो. त्याने हात जोडून आम्हाला पुढे जाऊ दिलं.

रविवारी लॅबमध्ये मी आणि मॅडम दोघीच. मी इतकी खुशीत होते की पडदा दुधात हलवताना गुणगुणत होते, आणि मॅडमनी मला थांबवलं नाही. गुलाबराव सोडला. सगळाच्या सगळा, मागे काही ठेवलं नाही. धुतलं, यंत्रात ठेवलं, बटण दाबलं. स्क्रीनवर फोटो हळूहळू गडद होतो, तसा झाला.

तारे. जयेशइतकेच. कदाचित दोन-चार जास्तच.

मी खुर्चीवर बसले. गुलाबरावने कधी चुकीच्या घरी पत्र टाकलं नव्हतं, आणि आज साऱ्या गावात वाटली होती. आणि आता तो खरंच संपला होता. उरलंसुरलं सगळं त्या ट्रेमधल्या पांढऱ्या पाण्यात गेलं होतं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. आधी थोडं, मग आवरेना. मॅडम घाबरल्या.

"श्रावस्ती. पाणी पी."

"मॅडम, दोघं नाही हो चुकणार," मी हसता हसता म्हणाले. "एक ससा बिघडेल. दोन्ही कसे बिघडतील? हा आळ आहे मॅडम. जयेशवर आळ होता. बिचारा जयेश."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग खाली बसल्या. मग आम्ही दोघींनी टेबलावरची एकेक बाटली उचलून विचार करायला सुरुवात केली. मीठ तेच. पडदे त्याच रोलचे. पाणी त्याच नळाचं. आणि तेवढ्यात मला ती दिसली, इतके दिवस जिच्यासाठी मी जीव टाकत होते ती सरळ, बारीक, स्वच्छ काळी रेघ. भिंतीवरून उतरली होती, टेबलाच्या कडेने आली होती, सगळी रसायनं टाळून, शेजारणींची टेबलं टाळून, आईच्या स्टीलच्या डब्यावर चढून झाकणाखाली शिरत होती. मुंग्या.

"मलई काढलेल्या दुधाला मुंग्या येतात का हो?" मी विचारलं.

मॅडमनी डबा उघडला, वास घेतला. लॅबमध्ये काहीही तोंडात घालायचं नाही, हा नियम त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितला होता आणि त्या स्वतः तो मोडणाऱ्यातल्या नव्हेत. डब्याला कधी ओला चमचासुद्धा लागलेला नव्हता, तरी त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग डबा काखेत घेऊन त्या आपल्या केबिनमध्ये गेल्या, वरचा मुंग्यांचा थर काढून खालची पावडर घेतली, किटली लावली आणि चहा केला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मी दारात उभी होते.

"श्रावस्ती," त्या म्हणाल्या, "मी साखर घातलेली नाही. आणि हा चहा फार सुंदर झालाय."

इतकी भयंकर बातमी इतक्या गोड शब्दांत मला कोणी दिली नव्हती. ती चहात घालायची दुधाची पावडर होती, साखर घातलेली, मलईने भरलेली. त्या मलईचे गोळे आमच्या पडद्यावर बसले होते, आणि दोन निरपराध ससे त्यांच्यावर जाऊन चिकटत होते. मी बाबांना फोन केला.

"बाबा, ती दुधाची पावडर. मी मलई काढलेली सांगितली होती ना?"

"हो. होती दुकानात."

"मग?"

"मी पाकीट वाचलं. मलईविरहित. म्हटलं, आपल्या घरातून जाणार तर असलं कशाला? त्याच्याशेजारी चांगलं होतं, ते घेतलं." आवाजात अभिमान होता. "का? कमी पडलं?"

"बाबा, ते पडद्याला पाजायचं होतं. पडद्याला मलई चालत नाही."

बाबा म्हणाले, "सगळं त्यानेच बिघडलं?"

"हो."

"गुलाबरावपण?"

"हो."

आता ते ओशाळतील, सॉरी म्हणतील, आणि मग मी त्यांना चिडवेन, असं मी धरून चालले होते. पण बाबा वेगळंच बोलायला लागले, आणि तेही अगदी सहज, जेवणाच्या ताटावर बोलतात तसं. "शाळेत आम्हाला असलंच मिळायचं बघ. यवतमाळकडच्या शाळेत. पावडरीची पोती यायची. मलई काढलेल्या दुधाची. आमच्या वस्तीतल्या पोरांची रांग वेगळी असायची, आणि शेवटी असायची. आमच्यापर्यंत बादली येईस्तोवर वरून पाणी पडलेलं असायचं. परत मागितलं तर हातावर पट्टी. नोकरी लागली तेव्हा ठरवलं, आपल्या घरात हे असलं दूध यायचं नाही. मग नाहीच आलं. त्या दिवशी दुकानात हात त्याच्यावर गेला आणि आपोआप बाजूला झाला. का ते मला कळलंही नाही बेटा."

मला बाबांबद्दल एकदम फार माया दाटून आली. अठ्ठावीस वर्षं या माणसाच्या घरात राहून मी हे ऐकलं नव्हतं. मी खुणांवर पीएचडी करत होते, परक्या देशातल्या सशांना कामाला लावून, आणि घरात रोज मला 'काय म्हणतो जयेश' विचारणाऱ्या माणसाचा हात दुकानात आपोआप बाजूला होत होता.

"तुम्ही काही बोलू नका," मी म्हणाले. "मीच आणते. कोपऱ्यावर दुकान आहे."

"थांब," बाबा म्हणाले. "चूक माझी, मी आणतो. उद्या सकाळी तिथे असेन."

सोमवारी सकाळी ते आले. इस्त्रीचा शर्ट तोच. हातात पिशवी आणि पिशवीत मलईविरहित पावडरीची पाकिटं, दुकानातून आली तशी, न फोडलेली. आई सकाळी डबा घेऊन उभी होती म्हणे. बाबांनी तिला पाकिटांना हात लावू दिला नाही. "हे सरकारी काम आहे," असं ते तिला म्हणाले होते.

मॅडमनी त्यांना पाहुण्यांचा पांढरा कोट दिला. तो त्यांना आखूड झाला आणि ते त्यात खूश होते. मी त्यांच्यासमोर पाकीट फोडलं, दूध कालवलं. ते पातळ, निळसर झालं. बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं. पडदा बुडवला. मग फ्रीजमधून नवी नळी काढली.

"हाच जयेश?" बाबांनी विचारलं.

"हाच."

"सॉरी म्हणालीस का त्याला?"

"सॉरी जयेश," मी म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "सॉरी." त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो सशाला मिळाला.

अँटीबॉडीला वेळ द्यावा लागतो. त्या वेळात बाबांनी लॅबमधल्या सगळ्यांची गावं विचारून घेतली, शेजारच्या टेबलावरच्या पोरींची माझ्या वतीने हिंदीत माफी मागितली, बिस्किटांच्या आरोपाबद्दल, आणि त्यांच्याकडून बिस्किटं मिळवून कॉरिडॉरमध्ये जाऊन खाल्ली. दुपारी पडदा धुऊन यंत्रात ठेवला. बटण मी बाबांना दाबायला लावलं.

स्क्रीन रिकामी होती. मग डावीकडे एक सावली आली, गडद झाली, रेघ झाली. जाड, काळी, कडा सुरीने कापल्यासारख्या. मग तिच्या उजवीकडे दुसरी, फिकट, बारीक. आणि आजूबाजूला काही नाही. कुठेही काही नाही. कोरं. मी मॅडमना मिठी मारली. त्यांना त्याची सवय नसावी, त्या माझ्या पाठीवर थोपटत "बरोबर, बरोबर" म्हणत राहिल्या. पोरी धावत आल्या. कोणीतरी "जयेश जिंदाबाद" म्हटलं आणि कॉरिडॉरपर्यंत ते गेलं. मी नाचत होते, मला आता मान्य करायला हरकत नाही.

बाबा मात्र स्क्रीनसमोरून हलले नव्हते.

"ह्या दोन रेघांसाठी?"

"हो बाबा."

"चांगली कुठली?"

"दोन्ही. पहिली म्हणते, खूण आहे. दुसरी औषधानंतरची. ती म्हणते, खूण पुसता येते."

त्यांनी वाकून दुसऱ्या रेघेकडे बघितलं. "पण थोडी आहे की अजून."

"थोडी राहतेच. पूर्ण जात नाही."

"बरं आहे," बाबा म्हणाले. "पूर्ण जायलाही नको."

फोटो गेला, पेपर गेला, मॅडमनी 'सेंड' दाबून खुर्चीवर मान टेकली आणि आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. आईचा डबा अजून तिथेच होता, आता कपाटात, झाकणाला चिकटपट्टी लावलेला. मॅडमनी किटली लावली आणि विचारलं, "काका, चहा घ्याल ना? तुमच्या पावडरीचा फार छान होतो."

बाबांनी पिशवीतून उरलेलं एक पाकीट काढलं. त्यांचं ते मलईविरहित.

"चहा नको," ते म्हणाले. "ह्याचं दूध द्या मला."

मी त्यांच्याकडे बघितलं. मॅडम किटलीकडे वळल्या. कपात गरम पाणी, त्यात पावडर, चमचा फिरवला. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला, गुलाबरावला धरला होता तसा, आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"तसंच आहे," ते म्हणाले. "पाणचट." आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यांचं बघून मी, आणि आमचं बघून मॅडम, ज्यांना काहीच माहीत नव्हतं. हसत हसत त्यांनी कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

मग रिकामा कप त्यांनी मॅडमसमोर धरला.

"अजून मिळेल?"

मॅडमनी पाकीट उघडंच त्यांच्यापुढे ठेवलं.